रेल्वे सायडिंगवर इंधन डेपो आणि मधून जाणारा नाला: सामान आणि सर्व्हिस, दोन्हीचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फार थोड्या लोकांच्या कामाचा आहे. रेल्वे सायडिंगला (मुख्य लाइनीतून फुटून मालासाठी काढलेल्या रुळाला) लागून पेट्रोल-डिझेलचा डेपो उभा राहतोय, त्यात तुम्ही माती, आरसीसी नाहीतर ड्रेनेजचं काम घेतलंय आणि प्लॉटमधून एक नाला जातोय, असं असेल तर पुढे वाचा. मी सिव्हिलवाला, कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूचा, काम विदर्भातल्या काळ्या मातीतलं. अकोल्याजवळचं गायगाव, नागपूरजवळचं बोरखेडी, मनमाडजवळचं पानेवाडी, सोलापूरजवळचं पाकणी, हे डेपो बऱ्याच जणांनी ट्रेनच्या खिडकीतून बघितले असतील, एका बाजूला टाक्या आणि रुळावर टँक वॅगनची लांबलचक रांग. आमची साइट यातली कुठलीच नाही आणि कुठली ते सांगणारही नाही, सप्लायरची नावंही नाही, कारण एकाच कंपनीचा माल एका गोडाऊनमधून चांगला येतो आणि दुसऱ्यातून भंगार येतो, मग नाव लिहून उपयोग काय. वस्तू कशी आहे, कुठे चालते आणि कुठे पैसे पाण्यात जातात, एवढंच लिहितो.

सामानावर येण्याआधी रेल्वेची भानगड थोडी समजून घ्यावी लागेल. रस्त्याला नाला आडवा आला तर रस्ता वळवता येतो, चढ-उतार देता येतो, ट्रक कुठेही चढतो. रूळ तसा वळत नाही हो. ब्रॉडगेजला कर्व्हची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि यार्डात उतार जास्तीत जास्त १ इन ४०० (४०० मीटरला एक मीटर), शक्यतो १ इन १२०० ठेवा असं रेल्वेचं म्हणणं, म्हणजे अख्ख्या किलोमीटरमध्ये एक मीटरसुद्धा उतार नाही. त्यात पन्नासेक टँक वॅगनचा रेक एका लायनीत उभा राहायला हवा, इंजिन धरून साडेसहाशे-सातशे मीटर सरळ, सपाट जागा. आता आपल्याकडची जमीन बघा, एवढ्या लांबीत एखादी ओघळ, एखादं लवण, एखादा नाला येणारच. वर भराव आला की त्याचा पाया पसरतो, चार मीटर उंच भरावाला दोनास एक उतार (दोन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खाली) दिला तर नुसत्या उतारांनीच सोळा मीटर जमीन खाल्ली, वरची रुंदी वेगळी. मग डिझाइनवाला काय करतो, नाल्यावरून रेघ मारतो आणि बाजूला "नाला वळवणे" असं लिहून मोकळा होतो. ड्रॉइंगवर हे फुकटात होतं. साइटवर नाही.

नाला सरळ केला की त्याची लांबी कमी होते, लांबी कमी झाली की तेवढ्याच उंचीला उतार वाढतो, पाणी जोरात पळतं, तळ खणला जातो आणि ते खणणं हळूहळू वरच्या अंगाला सरकत जातं, शेवटी तुमच्या कंपाऊंडच्या बाहेर दोन शेतं सोडून कोणाचा तरी बांध ढासळतो. तो माणूस मग डेपोच्या गेटवर येतो, आणि बरोबरच येतो. शिवाय नाला काही प्लॉटमालकाचा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ नुसार नदी-नाल्याचं पात्र सरकारचं, सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग ब मध्ये दिसेल बघा. म्हणजे तहसील आलं, जलसंपदावाले आले, रेल्वेचं डिव्हिजन ऑफिस आलं, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आलं, इंधन आहे म्हणून पेसो आलं (इंधन-स्फोटकांची परवानगी देणारं केंद्राचं खातं, त्यांचं हेड ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, तेवढाच दिलासा). प्रत्येक टेबलावर नाल्याचा वेगळा तुकडा बघतात, अख्खा नाला कोणीच बघत नाही. अमेरिकेत नदी-ओढ्यात भराव टाकण्याबद्दल १९७२ च्या पाणी कायद्याचं कलम ४०४ आहे, त्याखाली क्रम ठरलेला, आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, तरी जे उरेल त्याची भरपाई द्या. आपल्याकडे लहान ओढ्यानाल्यासाठी असा एक सलग क्रम नाही, पण साइटवर हाच क्रम लावला तर खर्च वाचतो, हे मी अनुभवाने सांगतोय, पर्यावरणप्रेम वगैरे नंतर.

तर पहिला रिव्ह्यू सर्व्हिसचा. हायड्रॉलॉजीचा, म्हणजे नाल्याला पाणी किती आणि कुठवर येतं याचा, रिपोर्ट करून देणारे लोक.

यात दोन जाती आहेत. एक जात लॅपटॉपवाली. आमच्या कामात आधी अशीच एक एजन्सी लावलेली होती, पार्टीनेच (डेपोच्या मालक कंपनीनेच) लावलेली, रिपोर्ट एकदम देखणा, रंगीत नकाशे, स्पायरल बाइंडिंग. पण सगळं काम १:५०,००० च्या टोपोशीटवर (सरकारी भू-नकाशावर) आणि सॅटेलाइटच्या उंचीवर केलेलं. त्या शीटवर कंटूर २० मीटरचा, म्हणजे उंचीची रेषा दर २० मीटरला एक, आपल्या प्लॉटमधल्या ज्या दोन ओघळी जुलैत कंबरभर वाहतात त्या त्यात दिसतच नाहीत. रिपोर्टप्रमाणे प्लॉटमध्ये एकच नाला, प्रत्यक्षात एक नाला आणि त्याला मिळणाऱ्या दोन ओघळी. अशा सर्व्हिसला पाचपैकी एक, तोही बाइंडिंगसाठी.

दुसरी जात पायी फिरणारी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक साहेब आले, सोबत फक्त एक मुलगा आणि ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण). पहिल्या दिवशी त्यांनी मोजमाप केलंच नाही, नाल्याच्या कडेकडेने वर चालत गेले, बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते बघत होते, कारण मागच्या पुराची खूण तीच. मग बाजूच्या शेतातल्या आजोबांना विचारलं, काका, पाणी कुठवर येतं? काका म्हणाले, "साहेब, आता कोरडा दिसते ना तुम्हाले, आषाढात या मंग, तुमचा हा खांब बुडते." तो खांब म्हणजे आमच्या सर्व्हेवाल्याने ठोकलेला टँक फार्मच्या (टाक्यांच्या जागेच्या) कोपऱ्याचा खांब! नंतर साहेबांनी हिशोबही व्यवस्थित केला, २५ चौरस किलोमीटरपेक्षा लहान पाणलोटासाठी आरडीएसओची (रेल्वेच्या संशोधन संस्थेची) वेगळी पद्धत आहे ती वापरली, पुलासाठी ५० वर्षांतून एकदा येणारा पूर धरला, आणि २५ वर्षांची निळी रेषा, १०० वर्षांची लाल रेषा प्लॉटच्या नकाशावर काढून दिली. काकांचा खांब निळ्या रेषेच्या आत निघाला.

त्या एका नकाशावरून पुढची सगळी बचत झाली. सायडिंगचा लेआउट म्हणजे आधी एक लाइन आत येते, तिला नेक म्हणतात, मग टर्नआउट (रूळ फुटायची जागा) लागत लागत तिच्या तीन-चार लाइनी होतात. जुन्या ड्रॉइंगमध्ये नाला या फाकलेल्या लाइनींखालून जात होता, तोही तिरपा. साहेबांनी एवढंच विचारलं की हा नाला नेकखाली का आणत नाही, म्हणजे नाला नाही आणायचा, यार्ड पुढे सरकवायचं. चार लाइनींऐवजी एका लाइनीखाली बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, आला. शिवाय तिरपेपणा काढला. रूळ नाल्याला ३० अंशांत कापत असेल तर बॉक्सची लांबी काटकोनातल्यापेक्षा बरोबर दुप्पट होते, शाळेतली भूमिती आहे, पण ड्रॉइंगवर कोणाच्या लक्षात येत नाही. रेल्वेकडून ईएसपी (सायडिंगचा मोजमापाचा नकाशा) पुन्हा मंजूर करून घ्यायला वेळ गेला, पार्टी चिडली, मीटिंगमध्ये आवाज चढले. पण नाला वळवायचं काम कॅन्सल झालं, टाक्या वरच्या अंगाला गेल्या आणि नाल्याच्या बाजूला पार्किंग आणि झाडांचा पट्टा आला. या सर्व्हिसला पाचपैकी पाच. फी त्या रंगीत रिपोर्टपेक्षा कमी होती, हे वर.

ज्यांच्याकडे ड्रॉइंग फ्रीझ झालंय आणि आता फक्त सामान आणून नाला वाचवायचाय त्यांनी अपेक्षा थोड्या कमी ठेवूनच पुढचं वाचा.

सिल्ट फेन्स. काळं नाहीतर हिरवं विणलेलं कापड, लाकडी नाहीतर लोखंडी खुंट्यांवर ताणून लावतात, माती मिसळलेलं पाणी अडवून गाळ खाली बसवायचा असा उद्देश. ऑनलाइन भरपूर मिळतं, स्वस्त, रोल हलका. आमच्याकडे पाचपैकी दोन. कारण सांगतो. हे कापड पाण्यातली माती गाळत नाही, ते पाण्याला थोडा वेळ अडवतं आणि त्या वेळात जड कण खाली बसतात. मुरुमाचा, वाळूचा कण बसतो. काळ्या मातीचा कण बसत नाही. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला जवळपास तीन दिवस घेतो, हिशोब करून बघा, आणि फेन्समागे पाणी तासभर थांबलं तरी खूप. म्हणजे मुरुमाच्या ढिगाभोवती हे एकदम झकास, काळ्या मातीच्या भरावाखाली नुसता देखावा. चहासारखं पाणी आत येतं आणि चहासारखंच बाहेर जातं.

आणि लावायची पद्धत. पॅकेटवर कोणी लिहीत नाही म्हणून इथे लिहितो. कापडाची खालची कड वीतभर खोल चरात गाडायची आणि चर दाबून बुजवायचा, नुसती मातीवर टेकवली तर पाणी खालून निघून जातं. खुंट्या उताराच्या खालच्या बाजूला. लाइन समतल रेषेवर धरायची, सीसीटी (सलग समतल चर) खणताना धरतो तशी, आणि दोन्ही टोकं वरच्या अंगाला वळवायची नाहीतर पाणी कडेने पळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाल्याच्या पात्रात आडवं कधीच लावायचं नाही. आमच्या शेजारी दुसऱ्या ठेकेदाराची गँग होती, त्यांनी नाल्यात आडवं फेन्स ठोकलं, फोटो काढला, बिलाला जोडला. पहिल्या वळवात कापड, खुंट्या, सगळं खालच्या बंधाऱ्यात जाऊन अडकलं, आता ते प्लास्टिक काढायचा खर्च वेगळा.

मग काळ्या मातीला काय? गाळाचा खड्डा. म्हणजे सेडिमेंट पॉन्ड, भरावाच्या पायथ्याशी, नाल्यात जायच्या आधी, बाहेर पडायच्या तोंडाला दगडी गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड). यात विकत घ्यायचं काही फार नसतं, जाळी आणि दगड. लांबट खणा, आत येणारं तोंड आणि बाहेरचं तोंड एकमेकांपासून जेवढं लांब तेवढं बरं, चौकोनी खणला तर पाणी सरळ मधून निघून जातं. पण तीन दिवसांचा प्रश्न इथेही आहेच, म्हणून लोक रसायन टाकतात. पॉलिमरवाला एक पावडर विकायला आला होता, बोलायला गोड, पण डोस कसा ठरवायचा विचारलं की "अंदाजे मूठभर". आम्ही आपली तुरटी वापरली, आजी माठात फिरवायची तीच. बरणीत पाणी घेऊन आधी थोड्या थोड्या डोसने बघायचं, गाळ कधी गोळा होतो ते, आणि मग खड्ड्यात. जास्त झाली तर पाणी आम्लधर्मी होतं आणि माशांना बाधतं, म्हणून खड्ड्यातलं पाणी पीएचच्या पट्टीने तपासल्याशिवाय सोडायचं नाही आणि वाहत्या नाल्यात तर तुरटीचा खडाही टाकायचा नाही. तुरटीला पाचपैकी चार, एक मार्क मजुरांनी पोतंच्या पोतं ओतायला निघाल्याबद्दल कापला.

आता माझी आवडती वस्तू, काथ्या. काथ्याची जाळी आणि काथ्याचे लॉग. लॉग म्हणजे काथ्या ठासून भरलेला जाळीचा लांब लोड, साधारण फूटभर जाडीचा. जाळी ४००, ७०० आणि ९०० जीएसएममध्ये (चौरस मीटरला इतके ग्रॅम) येते. कोकणात काथ्या होतो, पण मोठी ऑर्डर असेल तर माल केरळ नाहीतर पोल्लाचीकडूनच येतो, त्यामुळे भाड्याचा विचार आधी करा. भरावाच्या उतारावर आणि नाल्याच्या काठावर ७०० जीएसएमची जाळी अंथरली, वरच्या कडेला चर खणून आत दाबली, मध्ये मध्ये लाकडी खुंट्या, आणि जाळीखाली आधीच गवताचं बी. इथे खरा फरक दिसला. गाळ अडवण्यापेक्षा माती सुटूच न देणं हे काळ्या मातीत एकमेव चालणारं औषध आहे, कारण एकदा पाण्यात मिसळली की तिला परत धरणं किती अवघड ते वर लिहिलंच. जाळी पावसाचा थेंब आपल्या अंगावर घेते, खालची माती उडत नाही, ओली राहते, गवत पटकन येतं. दोन-चार वर्षांत काथ्या कुजून जातो आणि तोवर मुळं धरतात, मागे प्लास्टिक राहत नाही. पाचपैकी पाच द्यायला हवे होते, साडेचार देतो, कारण एका लॉटमध्ये ७०० म्हणून आलेली जाळी हाताला ४०० ची वाटत होती, वजन केलं तर तशीच निघाली. एक चौरस मीटर कापा आणि किराणावाल्याच्या काट्यावर टाका, लगेच कळतं. वाद घातल्यावर बदलून दिली.

लॉग नाल्याच्या काठाच्या पायथ्याला, पाणी जिथे खालून काठ चाटतं तिथे. दोन्ही बाजूंनी खुंट्या आणि दोरीने बांधून, आणि तळात थोडा रुतवून. मागे वाळा लावला, निरगुडी आणि करंज लावले. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं मिळतात, चौकशी करा. जिथे पाण्याचा मारा थेट लागतो, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तिथे लॉग टिकणार नाही, तिथे दगडाचं पिचिंगच (काठाला दगडाचं अस्तर) करावं लागतं, पण मग तेवढ्याच तुकड्यात करा, सगळा नाला दगडाने मढवू नका. पार्टीला चकचकीत पिचिंग आवडतं, इन्स्पेक्शनला बरं दिसतं म्हणून, त्यांना समजावायला लागतं.

टर्बिडिटी कर्टन नावाचा एक प्रकार विकतात, गढूळ पाणी अडवायचा, पाण्यावर तरंगणारा पडदा. तलावात, धरणाच्या फुगवट्यात काम असेल तर ठीक. नाल्यासाठी घेऊ नका.

पाइप की बॉक्स, यावर आमच्याकडे दोन आठवडे भांडण चाललं. ह्यूम पाइप (काँक्रीटचा गोल पाइप) स्वस्त, पटकन बसतो, सगळ्यांना सवय. पण पाइपातून पाणी नळासारखं फेकलं जातं, खालच्या तोंडाशी खड्डा पडतो, पाइपाचं तोंड अधांतरी लटकतं. मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे वर यायला बघतात ना, ते त्या तोंडाशी येऊन थांबतात, आणि पोरं टोपल्या घेऊन उभीच असतात. वरच्या डोहात मग मासा जात नाही. शिवाय पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या आल्या की पाइप तुंबतो आणि भरावाच्या मागे पाणी साठतं, रुळाच्या भरावाला ते चांगलं नाही, रेल्वेवालेही यावर कडक असतात. शेवटी प्रीकास्ट (आधीच ओतून तयार आणलेला) बॉक्स घेतला, नाल्याच्या नेहमीच्या पात्राच्या रुंदीइतका, आणि त्याचा तळ पात्राच्या खाली साधारण ३०० मिलिमीटर उतरवला, वर नाल्यातलीच रेती-गोटे पसरले, म्हणजे आतून जाताना पाण्याला आणि खेकड्या-माशांना तळ सलग मिळतो. मोसंबीच्या बागेत ठिबकची लाइन टाकावी तितक्या शिस्तीत क्रेनने तुकडे बसवले. प्रीकास्टचा मोठा फायदा म्हणजे पात्रात सेंट्रिंग, शटरिंग, सिमेंटचं पाणी हे काही नाही. ओलं काँक्रीट नाल्यात पडलं की पाणी अल्कधर्मी होतं आणि मासे मरून वर तरंगतात, हे कमी लोकांना माहीत आहे. जॉइंटचं रबर सील मात्र बॉक्स उतरवण्याआधी जमिनीवर तपासा, आमच्याकडे काही आखूड आले होते. पाचपैकी साडेचार.

जेसीबी-पोकलेनची सर्व्हिस. मशीनचा रिव्ह्यू करायचाच नाहीये, ऑपरेटरचा करायचाय. गेल्या दहा वर्षांत जलयुक्त शिवार आणि बाकी योजनांत सगळ्या ऑपरेटर लोकांचा हात नाला खोलीकरण-रुंदीकरणावर बसलाय. त्यांना वाटतं नाला जेवढा खोल, सरळ आणि मोकळा तेवढं पुण्याचं काम. दिवसभर नाल्यात उतरू नको म्हणून सांगितलं तरी जेवणाच्या सुट्टीनंतर बघावं तर हा पठ्ठ्या पात्रात, बाजूच्या झाडीसकट. "भाऊ, साफ करून दिला ना मी, पैसे नका देऊ याचे," वर हे! आमचा ऑपरेटर चांगला होता, समजावल्यावर समजला, काठापासून लांब चुन्याची रेघ मारून दिली आणि सांगितलं की रेघेच्या पलीकडे बकेट गेली तर त्या दिवसाचं डिझेल तुझ्या खिशातून. रेघ कुणी ओलांडली नाही मग. मशीन पात्रातून पलीकडे न्यायचंच असेल तर एकाच जागी, दगड टाकून, जानेवारी ते मे यात, आणि पाऊस लागायच्या आधी दगड काढून घ्यायचे. डिझेल भरणं, ऑइल बदलणं काठापासून लांब, खाली ट्रे ठेवून.

त्यावरून तेल शोषणारं सामान. पांढरे पॅड आणि राखाडी पॅड असे दोन मिळतात आणि दुकानदार दोन्ही सारखेच म्हणून विकतो. सारखे नाहीत. पांढरे फक्त तेल पितात, पाणी पीत नाहीत, राखाडी सगळंच पितात. नाल्याच्या कामात राखाडी पॅड पाण्याने फुगून बसतो आणि डिझेल शेजारून निघून जातं. पांढरेच घ्या. तरंगणारा बूम (तेल अडवायचा लांब पट्टा) नाल्यात आडवा टाकून तेल अडेल ही आशा पावसाळ्यात सोडा, पाणी सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटरपेक्षा जोरात आलं की तेल बूमच्या खालून जातं, आणि आमचा नाला ऑगस्टमध्ये त्याच्या कितीतरी पट जोरात असतो. उन्हाळ्यातल्या साठलेल्या डोहात मात्र बूम छान चालतो. पॅडला चार, बूमला दोन.

डेपो सुरू झाल्यावरच्या गोष्टी आमच्या स्कोपमध्ये नव्हत्या पण बघितल्या म्हणून थोडक्यात. वॅगन रिकाम्या करायच्या लाइनीखाली खडी न ठेवता काँक्रीटचा ॲप्रन (फरसबंदी) आणि बाजूला गटार हवं, ते गटार ऑइल-वॉटर सेपरेटरला (तेल-पाणी वेगळं करायच्या टाकीला), नाल्याला नाही. होस जोडता-काढताना थोडं सांडतंच, खडीत सांडलं तर ते दिसतही नाही. सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम आहे. टाक्यांभोवतीचा डाइक (अडवणारी भिंत) सगळ्यात मोठी टाकी अख्खी रिकामी झाली तरी मावेल एवढा आणि वर २०० मिलिमीटर मोकळं असा बांधतात, तो हिशोब सगळे नीट करतात. पण डाइकच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असतो, आणि रात्री धो धो पावसात वॉचमन तो उघडून ठेवतो, पाणी साठतंय म्हणून. मग एवढ्या भिंतीचा उपयोग काय. व्हॉल्व्हला कुलूप आणि रजिस्टर, स्वस्तातली स्वस्त वस्तू आहे ही, पाचपैकी पाच.

आणि एक, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही, हायड्रोटेस्टचं पाणी. टाकी बांधून झाली की पाण्याने भरून तपासतात. ५,००० किलोलिटरची टाकी म्हणजे ५० लाख लिटर, दहा हजार लिटरचे ५०० टँकर. टेस्ट झाली की कोणीतरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि हे सगळं एका रात्रीत नाल्यात, उन्हाळ्यात कोरड्या पात्रात पूर. काठावर नुकतीच लावलेली जाळी, लॉग, रोपं, सगळं गेलं असतं. आम्ही आधीच अडून बसलो, मग एका टाकीचं पाणी दुसऱ्या टाकीच्या टेस्टला वापरलं आणि शेवटचं तपासून फायर वॉटरच्या (आग विझवायच्या पाण्याच्या) टाकीत घेतलं, उरलेलं झाडांच्या पट्ट्याला. पाण्याचे टँकर विकत घेतले होते त्या एरियात, तरी वाहून टाकायला निघाले होते लोक!

आता सामान घेणाऱ्यांसाठी वेळेचं. भरावाचे उतार मे संपायच्या आत झाकले गेले पाहिजेत, आणि वळीव त्याच्याही आधी येतो हे धरून चाला. काथ्याची ऑर्डर फेब्रुवारीत द्या, उशिरात उशिरा मार्च. केरळात पाऊस १ जूनच्या आसपास लागतो, आपल्याकडे विदर्भात त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, आणि मे अखेरीस ऑर्डर दिलेला माल तिकडच्या पावसात भिजून निघतो. ओला रोल दुप्पट जड, चार माणसांना उचलत नाही, वजनावर दर ठरला असेल तर पाण्याचे पैसे तुम्ही देता. आलेला माल शेडमध्ये, जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर ठेवा. सिल्ट फेन्स, पॅड, तुरटी हे जिल्ह्याच्या गावात कधीही मिळतं, त्याची घाई नाही.